आत्तींची पुडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, देवासमोर हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही — देवासमोर उभी राहिले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायला लागते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि परवा अण्णाचा फोन आला, म्हणूनही असेल.

अण्णा माझा थोरला भाऊ. बेळगावात टिळकवाडीत राहतो, सरकारी कचेरीत नोकरीला आहे. फोनवर म्हणाला, "तुझ्या वैनीचं गुडघं लईच धरल्यात गं. आप्पांची पुडी पाठव की थोडी. तुला ठाऊक हाय म्हणून बरं, न्हायतर ते औषध बुडालंच हुतं." मी म्हटलं, पाठवते. फोन ठेवला आणि शाळेत गेले. मी निपाणीत एका मराठी शाळेत शिकवते. त्या दिवशी सातवीला विज्ञानाचा तास होता. मी फळ्यावर पानाचं चित्र काढलं, शिरा दाखवल्या, नावं लिहिली. एक नावही चुकलं नाही. इतक्या वर्षांत तेवढी सवय झाली आहे.

पुडी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

माझं माहेर गुंजीच्या पुढं, जंगलाला लागून. आप्पा — माझे वडील — शेती करायचे आणि रविवारी दुखण्याचं औषध द्यायचे. कंबर असो, गुडघा असो, खांदा असो, औषध एकच. खानापूर, नंदगडकडून माणसं यायची. आप्पा पहाटे एकटे जंगलात जायचे, कुठल्याशा झाडाची साल काढायचे, तिथंच तिचे बारीक तुकडे करायचे, म्हणजे बघणाऱ्याला झाड ओळखता येऊ नये. साल काढल्यापासून घराचा उंबरा ओलांडेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. वाटेत कुणी हाक मारली तरी नाही. झाडाचं नाव तर कधीच घ्यायचं नाही — नाव घेतलं की औषधाचा गुण जातो. घेणाऱ्यानं विचारायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, निघताना 'येतो' म्हणायचं नाही. नारळ ठेवायचा, उठायचं आणि चालू लागायचं. आणि तीनच रविवार. तीन रविवारांत गुण आला तर आला. नाहीतर आप्पा सरळ सांगायचे, "आता दवाखान्यात जावा. माझ्या हातातलं न्हाय हे."

साल पाट्यावर वाटायचं काम माझं. वाटायची, फडक्यातून गाळायची, कागदाच्या पुड्या बांधायची. रंग विटकरी, वास कच्च्या सुपारीसारखा. डोळे मिटून मी तो वास ओळखला असता. पण झाड? झाड मला कधी दाखवलं नाही. मुलगी परक्या घरी जाणार, तिच्याबरोबर विद्या परक्या घरी जाणार, म्हणून मुलीला सांगत नसत. झाड दाखवलं अण्णाला. वाटत होते मी. मला राग यायचा का? हो, यायचा. लपवून काय करू? खूप राग यायचा.

आप्पा गेले तेव्हा माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती.

माझं सासर निपाणीचं. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. आत्तींनी चाळीसएक वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, दिवसभर मान खाली. बोटं मशीनसारखी चालायची. मी आले ती बी.ए., बी.एड. होऊन. विडी वळायला बसले तर तंबाखू सांडायची, दोरा सुटायचा. आत्ती हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत. नुसतं सूप माझ्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घ्यायच्या. "ऱ्हाऊ दे. तू शाळंची बाई हाईस." घरात काही ठरवायचं असलं, कुणाकडं जायचं असलं, काही दुखलं-खुपलं असलं — मला कुणी विचारायचं नाही. छळ म्हणाल तर अजिबात नव्हता. पाहुण्याला जपतात तसं मला जपायचे. चार वर्षं मी त्या घरात पाहुणी होते. तुम्ही कधी चार वर्षं पाहुणे राहिलायत कुठं?

मग एका हिवाळ्यात आत्तींची कंबर धरली. सुपापुढून उठायला गेल्या त्या उठताच येईना. दोघी शेजारणींनी धरून खाटेवर आणलं. शेजारच्या तीन बाया जमल्या. मी पाणी घेऊन उभी. आत्तींनी माझ्याकडं बघितलं — मला अजून ते बघणं आठवतं — आणि विचारलं, "तुझा बा कंबरंचं औषध द्यायचा म्हनं. तुला काय सांगून गेला का न्हाय गं?"

आणि मी म्हटलं, "व्हय."

एवढंच. एक शब्द. त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी मागत होतं. मी 'नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. त्यांना दवाखान्यात नेलं असतं. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला असता. बास.

दुसऱ्या दिवशी मी निर्गुडी आणली. ती कुठंही मिळते, ओढ्याकाठी रान माजलेलं असतं. पानं सावलीत सुकवली, वाटली, गाळली, पुड्या बांधल्या. रविवारी सकाळी पहिली पुडी दिली. आत्तींनी रीतीनं सगळं केलं. डोळे मिटून पूड जिभेवर घेतली, वरून ताक घेतलं, एक शब्द विचारला नाही. तीन दिवस गेले. काही फरक नाही. शेजारच्या बाया रोज यायच्या, आत्तींकडं बघायच्या, मग माझ्याकडं बघायच्या. आत्ती म्हणाल्या, "दम धरा. लगीच कुठं गुण येतोय." म्हणजे त्या माझी बाजू घेत होत्या! आजवर माझी बाजू घ्यायची कुणाला गरजच पडली नव्हती.

निर्गुडी खोटी नाही, हे मला इथंच सांगितलं पाहिजे. तिच्या पाल्याचं तेल कडवून चोळलं, वर मिठाच्या पोटलीनं शेकलं, तर दुखणारी पाठ हलकी होते. पण तिला वेळ लागतो. थोडं थोडं, रोज, महिनाभर. मला महिना नको होता. मला दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिजे होतं.

माझ्या कपाटात गोळ्यांची एक पट्टी होती. दाढ दुखत होती तेव्हा आणलेली. दुखणं मारायच्या गोळ्या, सगळ्यांच्या घरात असतात तशा. मी एक काढली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पाट्यावर ठेवून वरवंट्यानं वाटली, निर्गुडीच्या पुडीत मिसळली आणि रात्री ती आत्तींना दिली. निर्गुडी इतकी कडू की तिच्यात काहीही मिसळलं तरी कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आत्ती अंगणात वाकून झाडत होत्या.

मला काय झालं सांगू? लाज नाही वाटली. भीती नाही वाटली. आनंद झाला. इतका आनंद मला बी.एड.च्या निकालाला झाला नव्हता. आत्तींनी झाडू टाकला, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. कारखान्यात विड्या द्यायला गेल्या तर तिथल्या सगळ्या बायांना सांगून आल्या — माझ्या सुनंच्या हातचं औषध! शाळंची बाई गेली, सून झाले. त्या दिवसापासून घरात मला विचारल्याशिवाय पान हललं नाही.

तिथं थांबता आलं असतं. आप्पांच्या रीतीप्रमाणं तीन रविवार म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुडी बंद केली की दोन दिवसांत कंबर परत धरायची. आत्तींनीच एकदा विचारलं, "तुझा बा तीनच आयतवार द्यायचा म्हनं?" मी म्हटलं, जुनं दुखणं असलं की रोज द्यावं लागतं. कुठून सुचतं असं, पटकन? मी वर्गात मुलांना खोटं बोललं म्हणून उभं करते आणि घरी येऊन हे.

रोज एक पुडी. सात वर्षं.

सात वर्षं म्हणजे किती, ते तुम्हीच बघा. निपाणीत एकाच दुकानातून इतक्या गोळ्या घेतल्या तर बोभाटा झाला असता. म्हणून मी दुकानं बदलायची. स्टँडजवळचं एक, संकेश्वरातलं एक, शाळेच्या ट्रेनिंगला चिकोडीला गेले की तिथलं एक. कधी कधी बसनं राज्याची हद्द ओलांडून कागलला जायची. तिथं मला कोण ओळखणार? पट्ट्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, घरी आले की उशीच्या अभ्र्यात, तिथून हरभऱ्याच्या डब्यात. चोरानंसुद्धा इतकी मेहनत घेतली नसेल. प्रत्येक वेळी वाटायचं, ही शेवटची पट्टी. यानंतर हळूहळू कमी करायचं, नुसत्या निर्गुडीवर आणायचं. केलंही एकदा — आत्ती दुपारी सुपापुढं बसल्या बसल्या कण्हायला लागल्या. दुसऱ्या दिवशी गोळी परत पुडीत.

मधेच कधीतरी अण्णा आला. हे सांगायचं माझ्या जिवावर आलंय, पण सांगते. आत्तींनी त्याला कौतुकानं सांगितलं, तुमच्या बानं लेकीला औषध दिलंय. अण्णानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं. त्याला ठाऊक होतं की मला झाड दाखवलेलं नाही. तो आता बोलणार. खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. बोल बाबा एकदा, असं झालं.

अण्णा खुर्चीत बसला आणि रडायला लागला. चाळिशीचा माणूस, पाहुण्यांच्या घरात. नंतर परड्यात मला म्हणाला, "आप्पांनी मला तीनदा नेलं गं जंगलात. बोलायचं नसतंय म्हणून बोलले न्हाईत, नुसतं झाडाला बोट लावून दावलं. मी तवा परीक्षेच्या नादात. ध्येनातच ऱ्हायलं न्हाय. मला वाटलं, घरचं औषध माझ्यापायी बुडालं. आप्पांनी तुझ्यासाठी रीत मोडली, लई बरं केलं."

आता काय सांगणार होते मी त्याला? की आप्पांनी रीत मोडली नाही, झाड खरंच बुडालंय, आणि तुझ्यापायीच बुडालंय? सांगायला पाहिजे होतं. मी त्याला चहा करून दिला. जाताना तो इतका मोकळा दिसत होता की त्या दिवसानंतर माझं तोंड आणखीच बंद झालं. त्यानं गावाकडंही सगळ्यांना सांगून टाकलं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटत असेल, बाई भोळी होती, तिला काय कळत होतं. म्हणून पुढचं सांगते.

आत्तींचं ऐकून गल्लीतल्या बाया औषध मागायला लागल्या. विडी वळणाऱ्या बायांत मान-कंबर न दुखणारी कोण असते? मी त्यांना पुडी दिली नाही. एकीलाही नाही. तेल दिलं. निर्गुडीचं तेल, घरी कडवलेलं, मीठ घालून शेकायचं सांगून. म्हटलं, बाहेरच्यांना पोटात द्यायची आप्पांची मनाई आहे. बाया तेल घेऊन जायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी येऊन सांगायच्या, बरं वाटतंय, झोप लागतीय.

का दिली नाही पुडी त्यांना? कारण मला कळत होतं. गोळ्यांच्या पाकिटातला बारीक अक्षरांतला कागद मी वाचला होता, पहिल्याच वर्षी. पोट, रक्तदाब, मूत्रपिंडं — सगळं लिहिलेलं होतं. आत्तींना रक्तदाब होता हेही मला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या घरात काही झालं तर जबाब द्यावा लागेल, ही भीती मला होती. स्वतःच्या घरात नव्हती. परक्या बायांना जपलं आणि आत्तींना नाही. हे मी कितीही वेळा उलटंसुलटं करून बघितलं तरी दुसरं काही निघत नाही.

सातव्या वर्षी आत्तींचे पाय सुजले. मग तोंड. जेवण नकोसं झालं, उलट्या व्हायला लागल्या. ह्यांनी — माझ्या नवऱ्यानं — गाडी केली आणि आम्ही बेळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कन्नड बोलणाऱ्या, पण आमच्याशी मराठीत बोलल्या. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय?"

आत्तींना राग आला. "गोळी? एक बी न्हाय! माझी सून झाडपाल्याचं औषध देतीया."

बाई माझ्याकडं वळल्या. कुठलं झाड? काय काय असतं त्यात? कळलं तर आम्हाला बरं पडेल, अजून काही वाचवता येतं का बघू. असं म्हणाल्या त्या. अजून काही वाचवता येतं का. मी तोंड उघडलं — खरंच उघडलं होतं का? आज वाटतं उघडलं होतं — तेवढ्यात आत्तींनी खाटेवरून हात वर केला. "नाव इचारू नका बाई. नाव घेतलं की गुण जातोय."

आणि मी तोंड मिटलं. आप्पांची रीत माझ्यापुढं भिंतीसारखी उभी राहिली आणि मी तिच्या आड बसले. ह्यांनी डॉक्टरांची माफी मागितली, म्हणाले, आमच्यात विचारत नाहीत. बाईंनी वैतागून कागदावर लिहिलं, झाडपाल्याचं औषध, नाव माहीत नाही. मग आम्हा सगळ्यांना झाडपाल्यावर दहा मिनिटं सुनावलं. मी मान खाली घालून ऐकलं. जिनं काही केलं नव्हतं त्या निर्गुडीला शिव्या बसत होत्या.

अजून संपलं नाही. इथंच संपलं असतं तर मी कदाचित हे सांगायलाही बसले नसते.

घरी आल्यावर मी पुड्या बंद केल्या. मनाशी शपथ घेतली. चौथ्या दिवशी आत्तींची कंबर अशी धरली की कूस बदलता येईना. तेल चोळलं, शेकलं, पण सात वर्षं गोळीवर दाबून ठेवलेलं दुखणं तेलाला काय जुमानतंय? आत्ती रडायला लागल्या. रडतानाही विनवणीच्या सुरात. "दे की गं एक पुडी. माझं काय चुकलं का? माझ्यावर रागावलीस व्हय?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी नको म्हटलंय. त्या म्हणाल्या, "त्या पोरीला काय कळतंय? झाडपाल्यानं कधी कुणाचं वाईट झालंय?" ह्यांनीही म्हटलं, दे की, आईला बघवत नाही.

नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं होतं, आणि कारण एकच होतं. कारण सांगायचं नाही, तर पुडी द्यायला हवी होती. दोनच वाटा. मी स्वयंपाकघरात गेले, हरभऱ्याच्या डब्यात हात घातला. गोळी काढून हातात धरून उभी राहिले. डॉक्टरीणबाईंचा चेहरा डोळ्यांपुढं होता. मूत्रपिंडं गेलीच आहेत थोडी, आणखी एका गोळीनं काय होणार, असं मी स्वतःला म्हटलं नाही. तेवढी मूर्ख मी नाही. मला नेमकं ठाऊक होतं काय होणार. ठाऊक असून मी ती वाटली.

तीनदा दिली. त्या पंधरवड्यात तीनदा.

तिसऱ्या पुडीनंतर आत्तींची लघवी बंद झाली. परत बेळगाव, मग डायलिसिस. आठवड्यातून दोनदा गाडी करून नेणं-आणणं. मी शाळेतून रजा काढून जायची. मशीनशेजारच्या स्टुलावर बसून त्यांच्या हातातली नळी बघत राहायची. नर्सबाया म्हणायच्या, लेक का? आत्ती म्हणायच्या, सून. लेकीपरीस जास्त. मी त्यांची सेवा केली, हे खरं आहे. पण ते मी इथं कशाला सांगावं? त्यानं काय खोडलं जाणार आहे?

त्यांना रक्तदाब होता. वय होतं. सगळे तेच म्हणतात — बीपीनं गेल्या. येत्या मार्गशीर्षात दोन वर्षं होतील. दिवसकार्याला कारखान्यातल्या बाया आल्या होत्या. एकमेकींना सांगत होत्या की सुनंच्या औषधावर म्हातारी सात वर्षं चालती-फिरती राहिली, नाहीतर कधीच अंथरूण धरलं असतं. मी पानं वाढत होते. त्यातल्या एकीनं मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, असली सून सगळ्यांना मिळू दे.

अण्णाला मी परवा पार्सल केलं. तेलाची बाटली पाठवली, पुडी नाही. त्याचा फोन येईल, पुडी का नाही म्हणून विचारेल. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. काहीतरी सुचेल. मला सुचतं.

एक दुपार राहिली सांगायची. आत्ती जायच्या आधी आठ-नऊ दिवसांची. डायलिसिसहून आणलं होतं, खाट खिडकीशी होती. घरात आम्ही दोघीच. मी तेल गरम करून त्यांची कंबर चोळत होते. हाडं हाताला लागत होती. त्या एकदम म्हणाल्या, "आता तरी नाव सांग. मी कुणाला सांगणार हाय? मी तर चाललेच. माझ्यासंगं जाईल ते."

तुम्ही विचार करा, यापेक्षा सोपं कुणी कुणाला करून देईल का? दार सताड उघडून त्या बाजूला झाल्या होत्या. वाक्य माझ्याजवळ तयार होतं, कित्येक वर्षं तयार होतं. आत्ती, त्यात गोळ्या होत्या. चार शब्द. त्या रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, कदाचित काहीच बोलल्या नसत्या. पण त्यांचं जे झालं ते कशानं झालं, हे त्यांना कळलं असतं. ते त्यांचं होतं, माझं नव्हतं.

मी म्हटलं, "निर्गुडी."

"निर्गुडी?" आत्ती हसल्या. हसताना त्यांना धाप लागली. "अगं, वड्याच्या कडंला ढीग हाय की तिचा. म्हशीबी तोंड लावत न्हाईत."

मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. त्यांनी मागं हात करून माझा तेलकट हात धरला, ओढून पुढं घेतला आणि आपल्या गालाखाली ठेवला.

"म्हंजे झाडात काय न्हवतं गं," त्या म्हणाल्या. "तुझ्याच हाताला गुण हुता."

मी हात सोडवून घेतला. वाटीतलं तेल थंड झालं होतं, ते परत गरम करायला आत गेले.